चाळिसाव्याची पुस्तिका

रिहाबला कथा रचता येत नव्हती, आणि तिची सगळी रखडपट्टी तिथूनच सुरू होत होती. नायकाला शेवटी मारायचं की बोहल्यावर चढवायचं, असले प्रश्न तिला कधी पडलेच नाहीत. जे घडलं आणि जे स्वतः पाहिलं, तेवढंच तिला लिहिता यायचं: गल्लीतली माणसं, बंद पडलेले फर्निचरचे कारखाने, शाळेतल्या शिपाईणबाईंनी नवऱ्याला घराबाहेर काढलं तो दिवस. सकाळी ती इजिप्तमधल्या दुमियात शहरात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि दुपारी जेवणाची भांडी आवरली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला बसायची. वय चौतीस, लग्न नाही. गल्लीचं म्हणणं असं की ती लिहिते म्हणून लग्न होत नाही. तिची आई म्हणायची, लग्न झालं नाही म्हणून लिहिते.

स्पर्धा शोधणं हा तिचा दुसरा उद्योग. कुठल्या संस्थेची मुदत कधी संपते, शब्द किती, वयाची अट काय, हे सगळं एका जाड वहीत लिहिलेलं असायचं. अकरा वर्षांत तिसरी वही चालू होती. जगात कादंबरीला बक्षिसं होती, कवितेला होती, लहान मुलांच्या नाटकांनाही होती. खऱ्या माणसांबद्दल खरं लिहिणाऱ्याला मात्र अर्जात खूण करायला चौकोनच नसायचा. 'इतर' नावाचा एक चौकोन असायचा, त्यात ती खूण करायची, आणि 'इतर'चं जे व्हायचं तेच तिचं व्हायचं. एका संस्थेनं तर आपुलकीनं कळवलं की पात्रांची नावं बदला, लघुकथा म्हणून पाठवा, विचार करू. तिनं उत्तर दिलं, नावं बदलली की माझी माणसं बदलतात. मग त्यांनीही विचार केला नाही. शिवाय बहुतेक ठिकाणी 'तरुण लेखक' हवे असत, आणि तारुण्य पस्तिसाव्या वाढदिवशी संपतं याबद्दल बैरूतपासून कासाब्लांकापर्यंत सगळ्यांचं एकमत होतं.

एकदा, पाच वर्षांपूर्वी, ट्यूनिसच्या एका लेखक-निवासाच्या अंतिम यादीत तिचं नाव लागलं. दोन महिने राहायला खोली, दोन वेळचं जेवण आणि समोर समुद्र. तिनं आनंदानं आईला सांगितलं. आईनं जिन्यात शेजारच्या उम्म सब्रीला सांगितलं, उम्म सब्रीनं छतावर कपडे वाळत घालणाऱ्या सगळ्यांना सांगितलं. संध्याकाळपर्यंत घरात सरबत वाटलं गेलं. चौथ्या दिवशी नकार आला.

"दृष्ट लागली," आई म्हणाली आणि घरभर धूप फिरवला. "पुढच्या वेळी मलासुद्धा सांगू नकोस. माझी जीभ माझ्या ऐकण्यातली नाही."

गोष्ट हातात पडेपर्यंत तोंड मिटून ठेवावं, हे तर आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही शिकवतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. रिहाब शिकलेली होती, दृष्टबिष्ट मानत नाही असं चारचौघात म्हणायची. पण त्यानंतर तिनं एकाही अर्जाबद्दल घरात चकार शब्द काढला नाही.

तिचे वडील, उस्ता म्हणजे मुरलेले कारागीर मुसअद, लाकडावर नक्षी कोरायचे. चाळीस वर्षं त्यांनी सोफ्यांच्या पायांवर गुलाब फुलवले. मग कोरीवकामाचं यंत्र आलं. ते तासाभरात वीस पाय कोरायचं आणि चहा मागायचं नाही. वडील तरीही रोज दुकानापुढे खुर्ची टाकून बसत आणि ज्यांना काम उरलं नव्हतं त्या पटाश्यांना धार लावत. शेवटच्या वर्षी फुफ्फुसात इतका भुसा साचला होता की बोलणंही खोकत खोकत. त्या वर्षी रिहाबनं त्यांच्यावर लिहिलं. 'हात' एवढंच नाव. त्यांना वाचून दाखवलं तेव्हा डोळे मिटून ऐकता ऐकता ते मध्येच म्हणाले, "पाकळीला सपाट पटाशी लावत नाहीत, गोल लावतात. लिहायचं तर नीट लिही." बाकी बरं आहे की वाईट, ते काही बोलले नाहीत. तिनं गोल केलं.

त्याच शरद ऋतूत बैरूतच्या एका संस्थेची जाहिरात तिच्या नजरेला पडली. डोंगरातल्या गावात चार महिने राहणं, पुस्तक पुरं करणं, सोबत एक अनुभवी संपादक. आणि अर्जात पहिलाच चौकोन: सत्यकथन. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिच्यासाठी चौकोन होता. तिनं 'हात' पाठवला, कुणालाही न सांगता.

जानेवारीच्या थंडीत वडील गेले. तीन दिवस दारात मांडव होता, कडू कॉफी होती, कुराण चालू होतं. तिसऱ्या दिवशी धाकटा भाऊ वाइल तिच्याजवळ येऊन बसला. फर्निचरला पॉलिश करणारा माणूस, नखांत कायम लाखेचा रंग. शाळा सुटल्यापासून त्यानं वर्तमानपत्राच्या क्रीडापानापलीकडे काही वाचलेलं नव्हतं.

"ताई, बाबांवर काहीतरी लिहिलंयस म्हणे. दे ना वाचायला. मला झोप येत नाही."

तिनं फोनवरून पाठवलं. भावाला वडिलांबद्दलचं लिखाण देताना कोण दहादा विचार करतं?

मृत्यूनंतरच्या एकतिसाव्या दिवशी, दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत, बैरूतहून पत्र आलं. निवड झाली होती. साऱ्या अरब मुलखातून सहा जण, त्यात ती. 'हात' संस्थेच्या संग्रहात पहिल्यांदाच छापला जाणार होता, म्हणून सोबत एक प्रतिज्ञापत्र होतं: हा मजकूर पूर्वी कुठेही, कोणत्याही स्वरूपात छापलेला नाही. सही करून दोन आठवड्यांत परत पाठवायचं. रिहाबनं फोन पर्समध्ये ठेवला, सातवीच्या वर्गावर गेली आणि आफ्रिकेतल्या नद्या शिकवल्या. आवाज थरथरत होता. मुलींना वाटलं, बाईंना वडिलांची आठवण आली. तेही खोटं नव्हतं.

घरी तिनं काही सांगितलं नाही. बाबांचं चाळिसावं पार पडू दे, मग आईसमोर सही करीन, असं ठरवलं. मूठ आणखी नऊ दिवस झाकायची होती, एवढंच.

चाळिसाव्या दिवशी असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज झाल्यावर माणसं जमली. वाइल दोन खोकी खांद्यावर घेऊन जिना चढला. डोळे लाल, पण चेहऱ्यावर तेज. खोक्यात हिरव्या कव्हरच्या पुस्तिका होत्या. माणूस गेला की त्याच्या नावानं प्रार्थनेची पुस्तिका छापून वाटतात, वाचणाऱ्याचं पुण्य त्याला पोचावं म्हणून, तशीच ही. मुखपृष्ठावर वडिलांचा फोटो. आत कुराणातली सूरह यासीन, दुवा. आणि मागे अकरा पानं: 'हात'. खाली लिहिलेलं, 'लेकरांनी लिहिलेलं.'

"तीनशे काढल्या," वाइल म्हणाला. "दोनशे शुक्रवारी मशिदीत गेल्या. कारखान्यांतही वाटल्या. ताई, तुला न सांगता केलं. म्हटलं, चकित करू."

रिहाबनं पुस्तिका हातात घेतली, पान उलटलं, आपली वाक्यं पाहिली. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि मिनिटभर सख्ख्या भावाचा मनापासून द्वेष केला. त्याला ठाऊक असतं तर त्यानं छापलं असतं का? जीव गेला तरी छापलं नसतं. आणि ठाऊक का नव्हतं? दृष्ट लागू नये म्हणून. बाहेरच्या कुणाची लागली नव्हती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

बाहेर आली तेव्हा वडिलांचे जुने जोडीदार, उस्ता बद्र, चष्मा कपाळावर सरकवून खिडकीच्या उजेडात वाचत होते. ओठ हलत होते. दोन पानं वाचून ते थांबले.

"हे कुणी लिहिलं?"

"ताईनं," वाइल म्हणाला. "मी फक्त छापलं."

"पाकळीला गोल पटाशी," म्हातारा म्हणाला. "बरोबर आहे. आमच्याबद्दल टीव्हीवाले येऊन गेले, सरकारी माणसं येऊन गेली. एकानंही बरोबर सांगितलं नाही. ये पोरी, इकडे बस."

त्यांनी तिचा हात धरून तिला जवळ बसवलं, आणि मग ते वाचता वाचता रडले. तिच्या छापील लिखाणाचा तिनं पाहिलेला पहिला वाचक तिच्या शेजारी बसून रडत होता, आणि तिला आनंद होत नव्हता. याचं तिला जास्त दुःख झालं.

पुढचे तीन दिवस ते प्रतिज्ञापत्र तिच्या उशीखाली होतं. खरं सांगायचं तर सही करणं फार सोपं होतं. पुस्तिकेवर तिचं नाव नव्हतं. छापखान्याचा पत्ता नव्हता. दुमियातच्या मशिदीतल्या कपाटात पडलेलं बैरूतमध्ये कोण पाहणार? तिच्या जागी कुणीही सही केली असती, मीही केली असती. ती टेबलाशी बसली, पेन घेतलं, 'मी खात्रीपूर्वक जाहीर करते की' इथपर्यंत वाचलं आणि पेन खाली ठेवलं. नावं न बदलण्याचा हट्ट अकरा वर्षं केला होता. आता पहिली खोटी ओळ वडिलांच्याच लेखाखाली लिहायची, हे तिच्यानं होईना.

तिनं सगळं लिहून कळवलं. चाळिसावं, पुस्तिका, तीनशे प्रती, भावाची चूक नाही हेही. आठवड्यानं संस्थेच्या मादाम शहीरा यांचा फोन आला. भल्या बाई होत्या, आवाजात खरोखरच वाईट वाटल्याचं कळत होतं.

"समितीत दोन तास चर्चा झाली. पण तीनशे म्हणजे तीनशे. छापलं ते छापलं. तुम्ही कळवलं नसतं तर आम्हाला कधी समजलंही नसतं."

"ते माहीत होतं मला."

"दुसरा लेख घ्यावा असंही सुचवलं मी. पण निवड या लेखाची होती. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा, मी स्वतः लक्ष घालीन."

"येत्या मे महिन्यात मला पस्तीस पुरी होतात."

मग बाई म्हणाल्या, "तुमच्या वडिलांवर अल्लाहची दया असो." रिहाबनं आभार मानले.

तिच्या जागी दुसरं कुणीतरी डोंगरात गेलं. शाळेत परीक्षा सुरू झाल्या. नकाशात नील नदी उलटी वाहवणाऱ्या मुलींचे पेपर तिनं तपासले. वहीत तिनं नवीन काही टिपून ठेवलं नाही.

एका शुक्रवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, वाइल कागदाची भेंडोळी घेऊन आला. पुस्तिका संपल्या होत्या. रास-अल-बर्रहून मागणी होती, इज्बत-अल-बुर्जच्या होड्या बांधणाऱ्यांनीही मागितल्या होत्या. आता पाचशे काढायच्या होत्या, आणि मागच्या वेळी घाईत राहिलेल्या चुका ताईनं पाहून द्यायच्या होत्या.

"आणि ताई, या वेळी तुझं नाव घालू का? तेव्हा वाटलं, मशिदीत वाटायचंय, बाईचं नाव कशाला. चुकलंच माझं."

"घाल," ती म्हणाली. "आता घाल."

त्याला त्या 'आता'चा अर्थ कळला नाही. तो तिच्यासमोर बसला आणि तिनं ताटात ठेवलेली उरलेली भाकरी पांढऱ्या चीजबरोबर खाऊ लागला.

"औषधवाले डॉक्टर म्हणत होते, हे कुठल्यातरी स्पर्धेत पाठवायला हवं. असतात म्हणे तसल्या, परदेशी बोलावतात, राहायला घर देतात. तू कधी बघितलंस का गं? तू तर काही सांगतच नाहीस कधी. मी शोधून देऊ?"

आई ओट्याशी उभी होती, तिनं मागे वळून पाहिलं. रिहाबला एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. मग तो जेवण तसंच टाकून उठला असता, आणि वडिलांच्या नावानं केलेलं एकुलतं एक चांगलं काम त्याला आयुष्यभर तोंड दाखवू दिलं नसतं.

"असतात," ती म्हणाली. "पण त्यांना कुणीच न वाचलेलं लागतं."

वाइल तोंडातला घास सावरत हसला. "मग ते कसलं बक्षीस? आपल्या बाबांचं तर अख्ख्या गावानं वाचलंय."

"हो," रिहाब म्हणाली, आणि पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून चुका दुरुस्त करू लागली.