गव्हाणच्या दादांची पिशवी

गुलाबाच्या वाफ्यात हात घालताना दादा आमच्या खिडकीकडे पाठ करून बसत. इतर झाडांपाशी ते कसेही बसत. गुलाबापाशी मात्र पाठच. ते दर मंगळवारी येत, तेव्हा मी शाळेत असे, त्यामुळे नोकरीच्या काळात हे माझ्या ध्यानात येण्याचा प्रश्नच नव्हता. निवृत्तीनंतर मी खिडकीत बसू लागलो आणि सर्वप्रथम दिसली ती ही पाठ.

दादा गव्हाण गावचे. खांदा कॉलनीतील आमच्या रो-हाउसची लहानशी बाग अकरा वर्षे त्यांच्या हाती होती. छापील अक्षरावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मी रोपवाटिकेतून खताची पिशवी आणली की ते आधी ती नाकाशी नेत, चिमूटभर खत तळहातावर चोळत आणि म्हणत, "पिशवीवर गुलाब छापलाय म्हंजे आत गुलाबाचं खत हाय, आसं कोनी सांगितलं, सर? उद्या वाघ छापतील." मी वेष्टनावरील सूचना त्यांना मुद्देसूद समजावून सांगत असे. ते शांतपणे ऐकून घेत आणि सगळे खत जास्वंदीच्या बुडाशी ओतत. तरीही गुलाब टपोरे येत. रोज सकाळी त्यांतील पाच फुले मी देवपूजेला घेई. आमचे घर चातुर्मासात कांदाही वर्ज्य करणारे. पूजेत हयगय चालत नसे.

पत्नी गेली त्याच वर्षी मुलगी नोकरीसाठी बंगळूरला निघाली. बाबा एकटे पडतील म्हणून जाताना रस्त्यावरची दोन पिल्ले तिने माझ्या हवाली केली. शेरू आणि बबी. चार महिन्यांत दोघांनी बाग उकरायला सुरुवात केली. बाग म्हणजे केवळ गुलाबाचा वाफा. तुळस, जास्वंद, कढीपत्ता यांना त्यांनी कधी पंजा लावला नाही. मी एक वही केली. वार, वेळ, जागा, आणि पट्टीने मोजलेली खड्ड्याची खोली. दोन महिन्यांच्या नोंदी पडताळल्यावर एक गोष्ट निर्विवाद ठरली: खड्डे मंगळवारी दुपारनंतर पडतात, म्हणजे दादा गेल्यावर.

मी वही दादांपुढे धरली.

"कुत्र्यांना इचारा की," ते म्हणाले. "मी काय त्यांची शिकवनी घेतो?"

"पण मंगळवारीच का?"

"त्यांचा मंगळवारचा उपास नसंल."

हा हजरजबाबीपणा होता, उत्तर नव्हते. त्यानंतर मी त्यांच्या कापडी पिशवीवर लक्ष ठेवू लागलो. येताना ती फुगलेली असे, जाताना सपाट. शेजारचे बँकेतले गृहस्थ कुंपणावरून म्हणाले, "कुत्री केलेलं काम नासवतात, सर. माळ्याला राग येणारच. जपा." त्याच संध्याकाळी बबीला उलट्या झाल्या. शंकेला आता जागा उरली नव्हती.

पुढच्या मंगळवारी मी फाटकातच उभा राहिलो.

"दादा, पिशवी उघडा."

"नाय सर."

"काय आहे आत?"

"झाडाचं हाय. म्होरं नाय सांगनार. शब्द दिलाय."

"कोणाला?"

त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"तुम्ही कुत्र्यांना विष घालता का?"

दादांनी खाली बबीकडे पाहिले. "ही माज्या पायाशी लोळतेय, आनि तुमी..."

"उद्यापासून येऊ नका," मी म्हणालो. केवळ मंगळवारी येणाऱ्या माणसाला 'उद्यापासून' म्हणणे चुकीचे होते, हे मला त्याही क्षणी जाणवले. दादा आल्या पावली वळले.

ते गेल्यावर मी खुरपे घेऊन वाफा उकरला. चार बोटांखाली कुत्र्यांच्या तावडीतून सुटलेली सुक्या मासळीची डोकी आणि चुरा निघाला. विषाचे आमिष! मी तडक मुलीला फोन लावला आणि पोलिसांत जात असल्याचे सांगितले.

ती म्हणाली, "बाबा, ते खत आहे. दादांची बहीण करंजा बंदरावर मासळी सुकवते, तिच्याकडचा चुरा. आईनेच घालायला सांगितलं होतं, आणि तुम्हाला कळू द्यायचं नाही असं वचन घेतलं होतं."

"का?"

"तुम्ही ती फुलं देवाला वाहता ना. कळलं असतं तर गुलाब उपटून टाकले असते तुम्ही."

मला नाही म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी मी गव्हाण गाठले. दादा ओट्यावर कोयत्याला धार लावत होते. मी उभ्यानेच क्षमा मागितली. त्यांनी बसायला पाट सरकवला. एक शंका मात्र उरली होती. मासळीचा वास कुत्र्यांना लागणार, हे त्यांच्यासारख्या माणसाला कळले कसे नाही?

"कळतंय की. वयनी होत्या तवा निवांत हातभर खोल पुरायचो. तेवड्या खालून वास वर येत नाय. आता तुमी खिडकीत बसलेले, वही घिऊन. घाईघाईत चार बोटं माती लोटायची नि उठायचं. खड्डे कुत्र्यांनी नाय पाडले सर, तुमच्या नजरेनं पाडले."

मी त्यांना परत येण्याची विनंती केली. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "गुडघं कवाच दमलं. वयनींचा शब्द होता, म्हनून येत होतो. आता तुमाला कळलं, शब्द सुटला." आणि आदल्या दिवशी न उघडलेली पिशवी त्यांनी स्वतः माझ्या हातात दिली. "हातभर. कमी नाय."

रिक्षापर्यंत ते पोचवायला आले. मला राहवेना. "दादा, अकरा वर्षं ती फुलं मी देवाला वाहिली. त्याचं काय?"

"देवाला ठाव होतं सर," ते म्हणाले. "फकस्त तुमालाच नवतं."

दादा जाऊन आता बरीच वर्षे झाली. मंगळवारी मी हातभर खोल खणतो आणि नंतर हात साबणाने दोनदा धुतो. वाफ्यात खड्डे पडत नाहीत. फुले अजूनही देवालाच वाहतो. फक्त त्या वेळी देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवरील पत्नीच्या तसबिरीकडे पाहण्याचे टाळतो. ती हसत असावी, असा मला दाट संशय आहे.