पाहुण्यांसाठी बांधलेली न्हाणी

दगडाबाई माझी चुलत जाऊ. आमच्या दोन्ही घरांत मिळून एकच भिंत. तिच्याकडं फोडणी पडली की मला ठसका लागतो, त्यामुळं मी सांगते त्यात ऐकीव काही नाही. आणि भावकीतल्या कुणाला हे वाचून राग आला, तर खुशाल येऊ दे.

तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं हिचं नाव दगडाबाई ठेवलं. दगडाला कोण उचलून नेतंय, असा साधा हिशेब. माहेर शेवगावच्या पलीकडं, जिथं उन्हाळ्यात डोईवरून आंघोळ म्हणजे चैन. कोल्हारला नांदायला आली आणि पाटाचं पाणी बघून वेडीच झाली. पहिल्या वर्षी रोज दोन वेळा आंघोळ करायची. सासू करवादायची, "हिला काय मासोळी म्हणून आणलीया व्हय?" ती ओल्या केसांनीच हसायची. त्या घरातलं तिचं हसणं मला तेवढंच आठवतं, पुढं कामानं ते आटलं.

नवरा सहादेव. माझे भाऊजी. आडदांड माणूस, उसाच्या ट्रॉल्या ओढायचे, पण स्वच्छतेचे भारी भोक्ते. अंगावर पाणी घेतल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, हा त्यांचा नेम. मग त्यांच्यावरून वारं गेलं. उजवं अंग पडलं, बोलणं गेलं, पण नेम काही सुटला नाही. ओल्या फडक्यानं अंग पुसून ताट पुढं केलं, तर भिंतीकडं तोंड करून उपाशी बसायचे. दोन-तीन वेळा तसं झालं आणि दगडाबाईनं ठरवून टाकलं, की काहीही होवो, या माणसाला रोज आंघोळ घालायची.

आता ती न्हाणी कशी होती ते सांगायला पाहिजे. सासऱ्याच्या वेळची. पत्र्याचं दार, दारात वीतभर उंच उंबरा, खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यांत शेवाळ. पाणी नीट जायचं नाही. ओल भिंतीतून चढून पार स्वयंपाकघरात पोचलेली, डब्यातल्या पिठालासुद्धा कुबट वास. मी कितीदा म्हणाले, "बाई, एक दिवस तुमी दोघं बी पडाल." पण तिनं स्वतःची युक्ती काढली होती. खिडकीच्या गजाला बैलाचा कासरा बांधला होता, त्याला ठिकठिकाणी गाठी मारलेल्या. भाऊजी डाव्या हातानं गाठ धरायचे, ती काखेत खांदा घालायची, आणि भाऊजी न्हाणीतल्या खुर्चीवरून उठायचे. फरशी खरबरीत होती, पाय धरून ठेवायची. ओंगळ होती ती न्हाणी, पण माणूस आत जाऊन धड बाहेर यायचा.

मुलगा आदिनाथ. वाईट नाही, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही त्याला राक्षस समजाल. शेती नेटकी करतो, दारू पीत नाही. पण शेती करणाऱ्या पोराला आज मुलगी कोण देतंय? मुलींना पुण्याचा फ्लॅट पाहिजे आणि मुलींच्या आयांना त्याहून जास्त. स्थळं यायची, चहा प्यायची, जायची. एकदा एक बाई हात धुवायला म्हणून न्हाणीपाशी गेली. आत शेवाळ, भाऊजींची भोकाची खुर्ची आणि लोंबणारा कासरा. ती नाकाला पदर लावून बाहेर आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आमची पोरगी काय दवाखाना सांभाळायला द्यायची न्हाई." भाऊजी ओट्यावरच बसले होते. त्यांचं बोलणं गेलं होतं, कान नव्हते गेले.

त्या दिवसापासून आदिनाथच्या डोक्यात न्हाणी बसली. आणि दगडाबाईला वाटलं, बरं झालं, कशानं का होईना, न्हाणी नीट होतेय. ती बिचारी हरखली होती. मला म्हणाली, "पुष्पा, मी त्याला सगळं सांगितलंय. फरशी खरबरीत घ्यायची. उंबरा काढून सपाट करायचं. पान्याला उतार द्यायचा. भिंतीला धरायला दांडी आन बसायला कट्टा. बास, मला दुसरं कायबी नको."

उंबरा निघाला, उतार मिळाला. ओल थांबावी म्हणून भिंती खरवडून औषध लावलं, वारा ओढणारा पंखा बसवला. खरं सांगते, ओल गेली. तेवढं काम झकास झालं. पण फरशी आली ती आरशासारखी. पांढरीशुभ्र, खाली तीच आणि भिंतीला छतापर्यंत तीच. दगडाबाईनं वाकून हात फिरवला.

"आदी, ही निसरडी हाय रे."

"आई, खरबरीत फरशीवर मळ बसतो, कळकट दिसती. ही लई चालतीय सध्या."

"आन दांडी?"

दांडी आणलेली होती, हे विशेष. चांगली जाड, स्टीलची. पण ती कपाटावर, पुठ्ठ्याच्या खोक्यात. आदिनाथनं आईला समजावलं, अगदी गोड बोलून समजावलं. "दांडी दिसली की आलेल्या मानसाला लगेच कळतं घरात कोन पडलेलं हाय. एकदा लगीन होऊ दे. दुसऱ्या दिशी बसवतो." कट्टाही त्याच कारणानं गेला. कासऱ्याचं तर विचारूच नका. घरात काय जनावर बांधायचंय, म्हणून गवंड्यानं गजासकट उखडला आणि खिडकीच्या जागी पंखा लावला. मी आदिनाथला म्हणाले, "अरे, बाप पडलेला हाय हे गावाला ठाऊक हाय, मग लपवतो कुनापासून?" तर म्हणाला, "काकी, गाव न्हाई मला पोरगी देत." तेही खरंच. पोरगं पस्तिशीला आलेलं.

दगडाबाईनं त्या आरशावर पोतं अंथरायला सुरुवात केली. रोज आंघोळीआधी पोतं पसरायचं, आंघोळ झाली की वाळत घालायचं. भाऊजींच्या डाव्या हाताला धरायला काही नाही, म्हणून ते तिचा दंड धरायचे. तिच्या दंडावर त्यांच्या बोटांचे काळेनिळे वळ उठलेले मी पाहिलेत. ती म्हणायची, "लगीन होस्तवरच हाय."

घोडेगावचं स्थळ आलं. मुलगी सुकन्या, शिकलेली, बोलायला मोकळी. बाप राधाकृष्ण, साधा शेतकरी माणूस. ते घर बघायला येणार म्हटल्यावर भाऊजींना नवी टोपी घातली, ओट्यावर खुर्चीत बसवलं आणि उजव्या हातावर उपरणं टाकलं. कुणी विचारलं तर गुडघे दुखतात असं सांगायचं ठरलं. ठरवणाऱ्यांत आमचे वडीलधारे आसारामदादा पुढं होते, त्यांना अशी कारस्थानं फार आवडतात. भाऊजी सगळा वेळ मान खाली घालून बसले. मला त्या माणसाची इतकी दया आली, की पहिला चहा मी त्यांच्याच डाव्या हातात दिला.

राधाकृष्ण हात धुवायला न्हाणीत गेले. बाहेर आल्यावर म्हणाले, "आदिनाथराव, पाय सरकतो हो आत."

"नवीन हाय ना मामा, वापरात आली की बसंल," आदिनाथ म्हणाला.

सुपारी फुटली. दगडाबाई देवीला साडी नेसवून आली. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि साखरपुड्याचा दिवस उजाडला.

सकाळपासून घरात पाहुणे. ज्याला त्याला न्हाणी दाखवायची, ज्याला त्याला हात-पाय धुवायला आत पाठवायचं. त्या गर्दीत कुणीतरी दारातलं ओलं पोतं उचलून गोठ्यात टाकलं. कुणीतरी कशाला म्हणू, आदिनाथनंच टाकलं, माझ्यासमोर. म्हणाला, "आई, आजच्या दिवस तरी हे बोचकं दिसू देऊ नको." ती म्हणाली, "अरे, त्यांची आंघोळ राहिलीया." तो म्हणाला, "आजच्या दिवस नुसतं पुस." मुलाच्या साखरपुड्याला बाप पारोसा बसणार? भाऊजींनी मान हलवली, नाही म्हणून. तिनं त्यांना आत नेलं आणि मी जादा ताटं आणायला माझ्या घरी आले.

आवाज मोठा नव्हता. भिंतीपलीकडून मला आधी बादली घरंगळल्याचं ऐकू आलं, मग काहीच नाही. धावत गेले तर दोघं खाली. भाऊजी तिच्या अंगावर पडलेले, साबणाचं पाणी त्या सुंदर उतारावरून मुकाट वाहून जात होतं. तिचं मनगट मोडलं होतं. त्यांचा खुबा गेला होता. आणि ती ओरडत होती ते स्वतःसाठी नाही. "त्यांच्या डोळ्यात साबन गेलाय, पुष्पा, आधी डोळं धू त्यांचं."

साखरपुडा झाला. हो, झाला. मुहूर्त मोडू नये असं आसारामदादांनी सांगितलं. गाडीतून दोघांना दवाखान्यात पाठवलं आणि इकडं बुंदी वाढली. मी गाडीबरोबर गेले, म्हणून ती बुंदी माझ्या तोंडात पडली नाही. नाहीतर अजून घशात अडकली असती.

संध्याकाळी राधाकृष्ण स्वतः दवाखान्यात आले, मागं आदिनाथ. दगडाबाईच्या हाताला प्लास्टर, ती भाऊजींच्या खाटेपाशी बसलेली. राधाकृष्णांनी भाऊजींच्या त्या लुळ्या हाताकडं बघितलं. आता त्यावर उपरणं नव्हतं.

"विहीणबाई, त्या दिशीच माझ्या मनात आलं हुतं," ते म्हणाले. "ह्यांना आधार लागतोय हे दिसतच हुतं की. मग आत धरायला कायच कसं न्हाई? आमच्याकडं म्हातारीसाठी दोन्ही भिंतींना दांड्या हायत. सुकन्यानंच उभं राहून बसवून घेतल्या. खाली फरशी बी खरबरीत."

आदिनाथ खाली बघत म्हणाला, "आनलीया मामा. बसवायची राहिली."

राधाकृष्णांना बहुतेक काही उमगलं नाही. ते भाऊजींच्या पायावर हात ठेवून निघून गेले. पण दगडाबाईला उमगलं. ज्यांच्यापासून लपवण्यासाठी एवढा आटापिटा केला, त्यांच्या घरात ती गोष्ट उघड्यावर होती. तिनं मुलाकडं पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, त्याचंही आणि तिचंही. ती एवढंच म्हणाली, "जा घरी. पाव्हन्यांकडं बघ."

भाऊजी त्या खाटेवरून उठले नाहीत. घरी आणलं, पण आता आंघोळ नव्हती, नुसतं पुसणं होतं, आणि पुसल्यावर ते जेवत नव्हते. डॉक्टर म्हणाले छातीत कफ झालाय. झाला असेल. मला विचाराल तर माणूस आपल्या नेमासाठी उपाशी गेला. प्लास्टरमधला उजवा हात सांभाळत दगडाबाई घासापुढं घास धरायची आणि ते ओठ मिटून घ्यायचे. ती रागवायची, रडायची, हात जोडायची. शेवटी-शेवटी तर तिनं त्यांना खोटंच सांगितलं, की सकाळी तुम्हाला झोपेत आंघोळ घातलीया. ते तिच्याकडं बघत राहिले, पण तोंड उघडलं नाही.

गेले त्या दिवशी अख्खी भावकी गोळा झाली. आपल्यात मयताला दारात आंघोळ घालतात, तशी तयारी झाली. अंगणात पाट मांडला, मोठ्या पातेल्यात पाणी तापलं. एवढ्या दिवसांत एकदाही ज्यांनी त्या माणसाला खुर्चीतून उठवायला हात लावला नाही, ते सगळे बाह्या सरसावून पुढं आले. दोघांनी काखेत धरलं, दोघांनी पाय धरले. आदिनाथ रडत होता, त्यानं बापाचं डोकं छातीशी घेतलं होतं. आसारामदादा भोवती फिरत सांगत होते, "सांभाळून रे. नीट धरा. घसरू देऊ नका."

बायकांनी दगडाबाईला पाणी घालायला पुढं आणलं. तिनं डाव्या हातात तांब्या घेतला आणि त्या सगळ्या धरणाऱ्यांकडं एकेक करून पाहिलं.

"सोडा की आता," ती म्हणाली. "आता पडले तरी लागायचं न्हाई त्यांना."