सर्व कागदपत्रे गोळा करावीत

दोन हजार सालाच्या आसपास पेताह तिक्वा या इस्रायली शहरातल्या आमच्या वकिली कचेरीला इंटरनेटची बाधा झाली. तोवर जुना निकाल हवा असला की जाडजूड खंड उपसायचे. आता म्हणे एक बटण दाबलं की पुरे. आमचे साहेब पुरोगामी. पडद्यावरचा प्रत्येक निकाल ते सेक्रेटरीकडून छापून घेत, भोकं पाडून फायलीत लावत आणि मगच वाचत. कागद वाचवणाऱ्या या क्रांतीपायी आम्हाला दोन नवी कपाटं घ्यावी लागली.

मग फोरमची साथ आली. शेजारच्या कचेरीने ‘वकिलाला विचारा’ असं पान उघडलं म्हटल्यावर आम्ही मागे राहून कसं चालेल? लोकांनी नाव न देता प्रश्न टाकायचे, आम्ही नाव न देता उत्तरं द्यायची. सगळ्यांत कनिष्ठ म्हणून हा परोपकार माझ्या गळ्यात पडला. साहेबांची ताकीद एकच: फुकटात उपयोगी पडेल असं काही लिहायचं नाही. त्यात मी चटकन तरबेज झाले. एक मसुदाच करून ठेवला: ‘प्रत्येक प्रकरण वेगळे असते. घाईने पाऊल उचलू नये. प्रथम सर्व कागदपत्रे गोळा करावीत व मग वकिलाचा सल्ला घ्यावा.’ घटस्फोट असो, गळकं छत असो की शेजाऱ्याचं कुत्रं, सगळ्यांना हाच काढा. लोक वर आभार मानायचे. दुपारचं सँडविच संपेपर्यंत मी दहाबारा जणांना न्याय देऊन मोकळी होत असे.

माझी मावशी दूर दक्षिणेला, ओफाकिम गावात राहायची. तिथल्या शिवणकामाच्या कारखान्यात यंत्रात सापडून तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती आणि भरपाईचा अर्ज नामंजूर झाला होता. मला हे ठाऊक होतं. अपिलाचं ती विचारील तेव्हा बघू, असं मी म्हणत राहिले. ती विचारीना. एका शुक्रवारी सकाळी मात्र बस पकडून ती माझ्या घरी आली, फुगलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन.

“सगले पेपर जमले बघ. आता अपील कर.”

खरंच सगळे होते. डॉक्टरांचे कागद, पगाराच्या चिठ्ठ्या, मुंबईचं रेशनकार्ड, केतुबा म्हणजे लग्नाचा करारनामा आणि ठाण्याच्या शाळेचा दाखला, शिक्क्यासकट. या दाखल्यासाठी ठाण्यातल्या चुलतभावाने चार महिने हेलपाटे घातले होते. मुंबईहून इथे आलेल्या आमच्या ज्यू माणसांच्या लेखी ‘सर्व’ म्हणजे सर्व. शिक्का नाही तो कागदच नव्हे. तोवर अपिलाची मुदत टळून गेली होती.

“अगं, इतकं थांबायला सांगितलं कोणी?”

“ओरेख-दिननं. वकिलानं. सुनेनं कॉम्प्युटरवर विचारलं त्याला.”

“आणि मला का नाही विचारलंस?”

“तू कामात असतेस. घरच्या मानसाला कशाला तरास द्यायचा?”

तिने पिशवीतून छापलेलं पान काढलं. खाली माझा मसुदा होता, पूर्णविरामांसकट. मी वकिली आवाज काढून म्हटलं, उशीर माफ करावा असा अर्ज करता येईल, चालेलच असं नाही, आणि उशिराचं कारण लिहावं लागेल: वकिलाचा चुकीचा सल्ला.

“नको गं. त्या बिचाऱ्यावर नको घालू. भला मानूस, दुसऱ्याच दिवशी जबाब दिला. त्याची नोकरी जायची.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “मावशी, तो जबाब मी लिहिला होता.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पानाकडे. वरच्या भागात सुनेने हिब्रूत सगळं लिहिलं होतं: ओफाकिम, भारतातून आलेली बाई, शिवणकाम, उजवा हात, दोन बोटं. मावशीने उरलेल्या बोटांनी त्या ओळी चाचपल्या.

“तू होतीस?” ती म्हणाली. “मग मला ओळखलं नाय?”