फुगा तोंडावर घासला, म्हणे मस्करी!

मंडळी, हॉस्पिटलच्या खाटेवरून लिहितेय.

मला लेटेक्सची, म्हणजे रबराची, जबर ॲलर्जी आहे. शरीराला हळूहळू सवय व्हावी म्हणून काही महिने त्याचेच थेंब जिभेखाली घेतेय. तरी फुग्यांपासून लांबच राहा, असं डॉक्टरांनी बजावलंय.

आज दुपारी डिलाईल रोडला पुतणीचा वाढदिवस होता. तिथे धाकट्या दिरानं, सुहासनं, मागून माझी मान धरली आणि फुगा तोंडावर घासला. "औषध चालू आहे ना वहिनी? बघूया किती लागू पडलं!" मी त्याचा हात रक्त येईस्तोवर ओरबाडला, तरी तो हसत होता.

ओठ सुजले, घसा आवळला, मी कोसळले. नवऱ्यानं माझ्या पर्समधलं ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन मांडीत खुपसलं. सासूबाईंनी सुहासच्या थोबाडीत मारली. "मेल्या, मारतलस काय तिका?"

आता श्वास नीट येतोय. थेंबांचं पुढे काय, ते डॉक्टर ठरवतील. सुहासचा मेसेज आलाय, "मस्करी होती." नवरा म्हणतो, घरातलं घरात मिटवू. सासूबाई म्हणाल्या, "पोलिसात जा. मी येतंय तुझ्याबरोबर."

आम्ही दोघी जाणार आहोत. तुमच्या घरात याला मस्करी म्हणतात का?