उंची दोन इंचांनी कमी करणारा चोर

निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली. खुनाच्या आणि घरफोडीच्या प्रकरणांचे तपशीलही आता आठवावे लागतात. पण एका रविवारी संध्याकाळी सतरा माणसं पेढ्यांचे पुडे आणि नारळ घेऊन, भांडत भांडत आमच्या ठाण्यात शिरली, तो प्रसंग आठवायला मला कधीच जोर लावावा लागत नाही.

मी तेव्हा भाईंदर परिसरात सहायक पोलीस निरीक्षक होतो. आमच्या ठाण्याचा सायबर कक्ष म्हणजे कोपऱ्यातलं एक टेबल, एक संगणक आणि मी. एकदा बंद पडलेला प्रिंटर मी चालू करून दिला होता. तेव्हापासून ज्या तक्रारीत 'ऑनलाइन' हा शब्द येई, ती माझ्याकडे वळवली जाई.

ठाणे अंमलदारानं दोन्ही पक्षांना दोन बाकांवर बसवलं आणि एकेकानंच बोलायचं असा दम भरला. पहिल्या पक्षात पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ होते. मूळ रायगडचे, भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. शर्टाची बटणं एक सोडून एक लावलेली. दुसरा पक्ष जवळच्याच मुर्धा गावचा. त्यात नवरा मुलगा होता, पण बोलत होती ती त्याची आत्या.

प्रकरण असं होतं. दोन्ही घरं एकाच समाजाची. समाजाच्या वधूवर मंडळानं वेबसाइट काढली होती. प्रत्येक स्थळाचं तिथं स्वतंत्र खातं, पासवर्ड टाकून आत जायचं आणि आवडलेल्या स्थळाला 'पसंती' कळवायची. त्या दुपारी सुपरवायझरांच्या मुलीच्या खात्यातून मुर्ध्याच्या मुलाला पसंती गेली. आणि संध्याकाळी सतरा माणसं नारळासकट तिच्या दारात उभी राहिली.

"पोरीचा होकार आला, मंग उद्यावर कशाला ढकलायचं?" आत्याबाईंनी मला विचारलं. "फोन लावला, कुनी उचलला न्हाय. म्हणून सगळीच आलो."

सुपरवायझरांचं म्हणणं निराळं होतं. हे स्थळ त्यांनी पंधरा दिवसांपूर्वीच नाकारलं होतं. मुलगा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, त्यांना ऑफिसात बसणारा जावई हवा होता. तेव्हा मुलीचं खातं हॅक झालंय, ते याच मुलानं केलंय आणि आता बिल्डिंगमध्ये त्यांना तोंड दाखवायला जागा उरली नाही, असा तक्रारी अर्ज त्यांनी दोन पानं भरून लिहिला. पेढे पुरावा म्हणून जप्त करावेत, अशीही मागणी होती. पेढे जप्त करण्यासारखं काही घडलेलं नाही, हे मी त्यांना परोपरीनं सांगितलं. शेवटी शांतता राहावी म्हणून पाच पुडे कपाटावर ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी तीनच होते. त्याचा तपास मी केला नाही.

स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि चौकशी सुरू केली. वरवर हसण्यासारखं असलं तरी प्रकरण साधं नव्हतं. मुलीचं नाव दोन गावांत चघळलं जात होतं. मुर्ध्याच्या लोकांना दारातून हाकलल्याचा राग होता, आणि त्यांच्यातले दोघे-तिघे पुन्हा त्या बिल्डिंगखाली जाऊन उभे राहण्याच्या गोष्टी करत होते. मंडळाच्या अध्यक्षांनी तर समाजाच्या ग्रुपवर जाहीरच करून टाकलं की वेबसाइट फोडली गेली आहे आणि दोष ती बनवणाऱ्या बाईंचा आहे.

त्या बाईंना मी सोमवारी बोलावलं. मीरा रोडला राहणाऱ्या, तिशीतल्या. मुलाला पाळणाघरात सोडून आल्या होत्या आणि परत न्यायची वेळ झाली की काय, म्हणून सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. अख्खी वेबसाइट त्यांनी केली नव्हती. सभासदाची नोंदणी करणं, पासवर्ड तपासणं, मोबाईलवर ओटीपी पाठवणं, आत आलेला माणूस कोण आहे ते लक्षात ठेवणं, एवढाच भाग त्यांचा. त्याला प्लगइन म्हणतात आणि ते कुठल्याही वेबसाइटला जोडता येतं. दोन वर्षं खपून त्यांनी ते एकटीनं तयार केलं होतं आणि आणखी काही मंडळं ते घेणार होती. अध्यक्षांच्या मेसेजनंतर सगळ्यांनी थांबा म्हणून सांगितलं होतं.

मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. सगळ्यांचे पासवर्ड तुमच्याकडेच असतात ना, असं विचारलं. त्या म्हणाल्या, नाही, मलाही ते दिसत नाहीत. किल्ल्यांचा जुडगा ज्याच्या कमरेला आहे, तोच खोली माहीत नाही म्हणतो, असे बरेच जण मी पाहिले होते. मी आवाज चढवला. बाई घाबरल्या, पण मागे हटल्या नाहीत.

"सर, पासवर्ड दळून ठेवलेले असतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही टाकलेला पासवर्ड मी पुन्हा दळते आणि पीठ जुळतंय का बघते. पिठाचे परत गहू मला नाही करता येत."

हे मला पटलं. मग मी विचारलं, तुमच्या दारावर कोण कधी आलं, त्याची काही नोंद राहते का? बिल्डिंगचा वॉचमन वहीत लिहितो तशी? त्यांचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. अशी नोंद प्रत्येक वेळेची होते, म्हणाल्या. मंडळाचं लेखी पत्र घेऊन ती नोंद मी मागवली.

दरम्यान मुर्ध्याच्या मुलाचा जबाब घेतला. कामाच्या कपड्यांतच आला होता, बोटांना ग्रीस. त्या मुलीला कधी भेटलास का, फोनवर बोललास का, तिचा पासवर्ड तुला कसा कळला, असे सगळे प्रश्न मी उलटसुलट करून विचारले.

"साहेब, मला माझाच पासवर्ड आठवत न्हाय," तो म्हणाला. "दर खेपेला नवीन करतो."

खोटं बोलणारा माणूस सहसा स्वतःला इतका बावळट दाखवत नाही. शिवाय जबाब चालू असताना त्याचा फोन वाजला. पेणकरपाड्याच्या एका इमारतीत लिफ्ट अडकली होती, आत एक आजी. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी जा म्हटलं. सही राहिली होती, ती करायला तासाभरानं तो आपणहून परत आला. खरा आरोपी कधी असा आपणहून परत आल्याचं मला आठवत नाही.

मंगळवारी नोंद आली. बाई शेजारी बसून एकेक ओळ समजावत होत्या. वर्षभर त्या मुलीच्या खात्यात संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यान कुणीतरी येत असे. दर वेळी पासवर्ड दोनदा चुकायचा, तिसऱ्यांदा बरोबर यायचा. आलेली स्थळं बघायची आणि नकार कळवायचे, एवढंच काम. एकवीस नकार गेले होते.

रविवारच्या दुपारी मात्र वेगळंच घडलं होतं. आलेल्या माणसानं पासवर्ड टाकलाच नव्हता. 'पासवर्ड विसरलो' वर बोट ठेवलं, ओटीपी मागवला, पहिल्या खेपेला बिनचूक टाकला, नवीन पासवर्ड केला. ओटीपी खात्यातल्या मोबाईलवर गेला होता आणि तो मोबाईल सुपरवायझरांचा. म्हणजे चोर दूरचा नव्हता, त्या घरातल्याच फोनपर्यंत त्याचा हात पोचत होता.

पण माझं लक्ष पुढच्या ओळींवर खिळलं. पसंती कळवण्याआधी त्या माणसानं मुलीच्या माहितीत तीन दुरुस्त्या केल्या होत्या. उंची पाच फूट चार इंच होती, ती पाच फूट दोन केली. आवड या रकान्यातलं 'स्वयंपाक व भरतकाम' खोडून 'झोप आणि क्रिकेट बघणे' लिहिलं. आणि 'गृहकृत्यदक्ष' च्या जागी 'पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन, नोकरी सोडणार नाही'.

मी खुर्चीत मागे टेकलो. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत खोटी कागदपत्रं करणारे ढिगानं पाहिले. वय कमी करणारे, शिक्षण वाढवणारे, जिवंत माणसाला मयत दाखवणारे. खरं लिहिण्यासाठी घुसलेला माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो. स्थळाची उंची दोन इंचांनी कमी करण्यात कुठल्या भामट्याचा फायदा होईल? एकच व्यक्ती असं करेल. जिला पुढे जाऊन त्या माणसासमोर उभं राहायचंय ती.

बुधवारी मुलगी आली, वडिलांबरोबरच. वडिलांना मी बाहेर चहाला पाठवलं आणि महिला हवालदारांच्या उपस्थितीत तिचा जबाब घ्यायला बसलो. फार विचारावं लागलं नाही. नोंदीचा कागद पुढे ठेवला. तिनं वाचला आणि म्हणाली, हो, मीच.

खातं वडिलांनी उघडलं होतं. माहिती त्यांनी भरली, फोटो त्यांनी निवडला, नंबर स्वतःचा दिला. तिनं ते पान पाहिलं तेही चुकून. पंधरा दिवसांपूर्वी वडिलांचा चष्मा सापडत नव्हता, म्हणून त्यांनी एका मुलाची माहिती तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतली आणि ते स्थळ नाकारलं. त्या मुलानं स्वतःबद्दल लिहिलं होतं की मला कधीही फोन येतो, कारण लिफ्टमध्ये माणूस अडकलेला असतो. जेवताना उठून गेलो तर राग धरणारी नको. ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. रविवारी वडील जेवून झोपले. फोन फ्रिजशेजारी चार्जिंगला होता. तिनं तो सायलेंट केला, कारण ओटीपीच्या आवाजानं ते उठले असते. मग सायलेंट काढायचं विसरली, म्हणून मुर्ध्याचे फोन कुणाला ऐकू गेले नाहीत आणि सतरा माणसं न कळवता पोचली.

"मला वाटलं, तो आधी काहीतरी लिहून कळवेल," ती म्हणाली. "आत्या नारळ घेऊन येतील असं वाटलं नव्हतं."

मी विचारलं, खातं तुझंच होतं, मग माहिती वाचून दाखवलीस त्याच दिवशी वडिलांना का नाही सांगितलंस?

तिनं कागद माझ्याकडे परत सरकवला. "साहेब, माझं खातं आहे हे मलाच त्या दिवशी कळलं."

महिला हवालदारांनी लिहिणं थांबवून तिच्याकडे पाहिलं. मी ते वाक्य जसंच्या तसं जबाबात घ्यायला सांगितलं.

वडील आत आले. मी त्यांना त्यांचाच अर्ज वाचून दाखवला. दुसऱ्याच्या खात्यात परवानगीशिवाय शिरून, त्याच्या नावानं खोटी माहिती भरून निर्णय कळवणाऱ्या इसमावर कडक कारवाई व्हावी, असं त्यांनी लिहिलं होतं. मग मी नोंद वाचली. वर्षभर, संध्याकाळी सात ते आठ, एकवीस नकार, उंची दोन इंच जास्त. त्यांच्या अर्जातलं वर्णन त्यांच्याच घरातल्या एका माणसाला लागू पडतं आणि तो माझ्यासमोर बसलेला आहे, असं सांगितलं. पुढची कारवाई करू का, हेही विचारलं.

ते मुलीकडे बघत राहिले. रागावतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी हळूच विचारलं, "तुला भरतकाम येत नाही?"

"शाळेत एक रुमाल केला होता, पप्पा. तोही आईनं पुरा केला."

त्यांनी अर्ज परत मागितला. तक्रार नाही, असं लेखी दिलं. शर्टाची बटणं त्या दिवशी नीट लागलेली होती, पण माणूस रविवारपेक्षा जास्त विस्कटलेला दिसत होता. जाताना म्हणाले, "मी तिच्या भल्यासाठीच करत होतो हो." ते खरंच होतं. फसवणारा आणि काळजी करणारा या दोघांच्या हातून एकच कृत्य घडू शकतं, ही गोष्ट कायद्याच्या पुस्तकात मला कुठे सापडली नव्हती.

मुर्ध्याच्या मंडळींना मी संध्याकाळी बोलावलं. दोघांनीच या, असं बजावून. अकरा आले. सुपरवायझरांनी सर्वांसमोर माफी मागितली. त्यानंतर काय करावं, हे कुणालाच सुचेना. शेवटी मुलगी उठली. अडकलेल्या लिफ्टची गोष्ट जबाबानंतर मीच तिला सांगितली होती. तिनं त्या मुलाला विचारलं की पेणकरपाड्याच्या आजी नीट आहेत ना. तो म्हणाला, "हाईत. जिन्यानं जात्यात आता." आमचा ठाणे अंमलदार तोंड फिरवून हसला. पाच मिनिटांनी त्या बाकांवर दोन्हीकडची माणसं मिसळून बसलेली होती आणि मला वरिष्ठांच्या फेरीची धास्ती पडली, कारण ठाण्यात बघण्याचा कार्यक्रम चालू आहे, याची डायरीत नोंद कशी घेणार?

लग्न लगेच झालं नाही. मुलीनंच वेळ मागितला. वर्षभरानं पत्रिका आली, ती द्यायला सुपरवायझर स्वतः आले. अध्यक्षांनी माझ्या सांगण्यावरून ग्रुपवर खुलासा टाकला आणि प्रोग्रामर बाईंची अडलेली कामं सुटली. त्यांनी नोंदणीच्या पानावर एक प्रश्न वाढवला, की दिलेला मोबाईल नंबर स्वतः उमेदवाराचाच आहे का. नंतर त्या मला म्हणाल्या, बहुतेक वडील 'होय' वर बोट ठेवतात.

या प्रकरणानं मला माझ्याच कामातली एक खोड दाखवली. आयुष्यभर मी माणसाची ओळख दुसऱ्याकडून पटवून घेतली. नाव विचारायचं बापाला, पत्ता नवऱ्याला, चालचलणूक शेजाऱ्याला. ज्याची चौकशी चालू आहे तो समोर बसलेला असे आणि मी त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत प्रश्न विचारत असे. त्या बाईंचं प्लगइन माझ्यापेक्षा सरळ होतं. ते फक्त खातेदाराला विचारायचं की तू कोण. उत्तर तिसरंच कुणी देत होतं, हा त्याचा गुन्हा नव्हता.

नोकरीची उरलेली वर्षं मी एक नियम पाळला. मुलीची तक्रार घेऊन बाप आला, बायकोची घेऊन नवरा आला किंवा आईची घेऊन मुलगा आला, तर आणणाऱ्याला आधी समोरच्या टपरीवर चहाला पाठवायचं. टपरीवाला मला मोठा माणूस समजू लागला. आणि जबाब निम्म्या वेळात पुरे व्हायला लागले.