दोन थाऊ

अमेरिकेत मिशिगनमधल्या नोव्हायच्या मराठी मंडळींत शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जाणारे आम्ही पाच जण. त्यातल्या एकाला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

तो पुण्याचा, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मी भंगारवाला. कोल्हापूरला फाउंड्रीत लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करायचो. इथे दुसऱ्याच्या यार्डात तांब्याच्या तारा सोलत सोलत स्वतःचं यार्ड उभं केलं. सौद्यात मला कोणी फसवत नाही, ही माझी मिजास होती.

आम्ही पिस्तुलाच्या गोळ्या घरीच ओततो. त्याचं लक्ष माझ्याकडच्या एका बादलीवर होतं. बंद पडलेल्या छापखान्याचा टाइपाचा धातू होता तो: शिसं, कथील आणि भरपूर अँटिमनी. कडक. हल्ली मिळत नाही. आधी त्याने ‘सॅम्पल’ म्हणून दोन लगडी नेल्या. महिन्याने गोळ्यांचा साचा घेऊन आला.

"काका, बादली द्या, साचा घ्या. एक नंबर आहे. हवं तर मापून घ्या."

मी मापला. साच्याचा पोकळ भाग बरोबर होता. वरून थोडी घासाघीस करून त्याच्याकडून ओतायची पळीही काढली, आणि जिंकलो असं समजलो.

माझ्याकडे उरलं होतं ते जुन्या पाइपांचं मऊ शिसं. त्याच्या गोळ्या ओतून मी मंडळाच्या मॅचला गेलो. एकही धड लागली नाही. कागदावर भोकं कुठेही, आणि नळीत शिशाचा थर. सगळ्यांसमोर तो हसत म्हणाला, "काका, भंगारात आयुष्य गेलं, तरी शिसं कळलं नाही का?"

बाकीचेही हसले. एकाने तर माझी पाठ थोपटली. त्या थापेची आग अजून होते.

घरी येऊन गोळीचं वजन केलं. साच्यावर गोळीचं वजन दोनशे ग्रेन कोरलेलं, गोळी भरली दोनशे दहा. आणि व्यास दोन थाऊ कमी. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आमच्या शॉपमध्ये तो शब्द ऐकतच मी मोठा झालो. माझ्या टेबलावर कागद उडू नये म्हणून टाइपाची एक लगड ठेवलेली होती. ती वितळवून त्याच साच्यात ओतली. वजन दोनशे, व्यास तंतोतंत.

तेव्हा मी खुर्चीत बसलो आणि स्वतःलाच शिव्या घातल्या. मऊ शिसं जड, आणि थंड होताना जास्त आकसतं. अँटिमनीचा धातू हलका, आणि कमी आकसतो. पॅटर्न शॉपमध्ये आमची पट्टीच मुळी वाढीव खुणांची असायची, धातू आकसणार हे गृहीत धरून. प्रत्येक धातूची पट्टी वेगळी. ज्याने बारा वर्षं ती पट्टी वापरली, त्याने साचा मापला आणि गोळी मापली नाही! त्या पोराने मात्र सॅम्पल ओतून आधीच पाहिलं होतं, की हा साचा टाइपाच्याच धातूला बरोबर बसतो.

बारीक पॉलिशची पेस्ट लावून रोज संध्याकाळी साचा आतून घासत राहिलो, आठवडाभर. दोन थाऊ वाढले. आता माझं मऊ शिसं बरोबर मापात उतरायला लागलं.

त्याने दरम्यान नवा साचा मागवला होता. तो मऊ शिशासाठी केलेला निघाला. त्यात टाइपाचा धातू जाड उतरला. एका शनिवारी तो यार्डात आला, आवाज मऊ.

"काका, तो जुना साचा परत द्या ना. अर्धी बादली देतो."

"पाऊण."

"पाऊण कशाला, यार?"

"मग राहू दे."

त्याने पाऊण बादली आणून ठेवली. मी साचा फडक्यात गुंडाळून हातात दिला. "एक नंबर आहे," म्हटलं. "हवं तर मापून घे."

"काका, माझाच साचा, मापायचं काय?" म्हणाला आणि गेला.

पुढच्या मॅचला त्याच्या गोळ्या इतक्या जाड होत्या की काडतूस पिस्तुलात बसेचना. बसतच नाही म्हटल्यावर धोकाही नाही, एवढा विचार मी आधीच केला होता. फजिती मात्र पुरेपूर. चौघांसमोर त्याने पंधरा-वीस काडतुसं एकेक करून लावून पाहिली, कान लाल होईपर्यंत. मग माझ्याकडे वळला.

"काका, तुम्ही साच्याला काहीतरी केलंत."

"केलं. तुला मापायला सांगितलं होतं."

या वेळी कोणी हसलं नाही. मला तरी हसायला हवं होतं, पण हसू आलं नाही.

टाइपाच्या धातूची पाऊण बादली गॅरेजमध्ये आहे. त्या धातूच्या मापाचा साचा माझ्याकडे नाही, आणि मी घेणारही नाही. तो दर दिवाळीच्या कार्यक्रमात, हातात फराळाची ताटली घेऊन, हळूच विचारतो, "काका, ती बादली विकायची का?"

मी म्हणतो, "सॅम्पल नेऊन बघ."

सॅम्पलही देत नाही.