तिकोनी भात

मध्यप्रांताच्या सरकारी शिष्यवृत्तीवर दादा जपानला गेला, विणकाम शिकून आला आणि अकोल्याच्या एका गिरणीत लागला. शनिवारी अमरावतीला घरी यायचा. आमचं घर भिक्षुकाचं. समुद्र ओलांडला म्हणून बाबांनी त्याला प्रायश्चित्त दिलं, तरी स्वयंपाकघराचा उंबरठा त्याला बंदच राहिला. पोटच्या पोराला ओसरीवर वाढायचं! मी तेरा वर्षांची होते आणि यावरून घरात सगळ्यांशी भांडायची.

एका रविवारी त्यानं मला ओसरीवर भात आणायला लावला. हात ओले केले, तळव्यावर मीठ चोळलं, भातात लोणच्याची फोड दडवली आणि दाबून दाबून तिकोनी गोळा केला. "तिकडं लोक हे बांधून शेतात नेतात. आपली भाकर, तसं त्यांचं हे. वरून काळे तीळ भुरभुरले की झालं."

तेवढ्यात बाबा कोणाचं तरी श्राद्ध आटोपून आले आणि दारातच थबकले. "जित्या माणसांच्या घरात पिंड काहून पाडून राहिला रे?"

"पिंड गोल असतो बाबा. हे तिकोनी आहे."

"शिजला भात हातानं वळला की पिंडच. पुन्हा दिसता कामा नये."

दादा नुसता हसला. मी मात्र बाबांच्या देखत, रागारागानं, दोन खाल्ले.

दिवाळीनंतर दादाला तापानं फणफणत असताना घरी आणलं. तीन आठवडे ताप हटेना. एका दुपारी वैद्य ओसरीवर बाबांना म्हणाले, "आता मागेल ते द्या." मला वाटलं, ताप उतरला! मूर्ख ती मूर्खच. त्या वाक्याचा अर्थ मला सोडून सगळ्यांना कळला होता. आई उठून देवघरात जाऊन बसली. का, हेही मी विचारलं नाही.

मी धावत दादाजवळ गेले. "काय खाशील, सांग."

"ते तिकोनी," तो म्हणाला.

भात मुद्दाम आसट शिजवला. तो हाताला चिकटायला लागला आणि कोपरे काही जमेनात. तीन गोळे केले, तिन्ही गोलच झाले. मग तीळ आठवले. त्या रविवारी ते राहूनच गेले होते, म्हणून मी चांगले भाजून सगळीकडून लावले. काय ऐट होती माझी! ताटली घेऊन गेले तर दादानं डोळे उघडले. "अगं, तीळसुद्धा?" म्हणाला आणि हात पुढे केला.

आई दारात आली. तिला दिसले भाताचे तीन गोळे, वर काळे तीळ, आणि पलीकडे आडवा पडलेला मुलगा.

"कार्टे, माह्या जित्या लेकाचे पिंड पाडून राहिली?" तिनं ताटली हिसकावली आणि परसात भिरकावली.

"आई, असू दे व," दादा म्हणाला. त्याचा हात गोधडीवर तसाच उघडा होता. तिसऱ्या दिवशी तो गेला.

मी आईला माफ केलं नाही. लग्न होऊन अकोल्याला गेले, माहेरी आले की तिच्याशी कामापुरतंच बोलायची. ती अंथरुणाला खिळली तेव्हा भेटायला गेले. मला जवळ बसवून तिनं विचारलं,

"त्या दिवशी मी यायच्या आधी, त्यानं एखादा खाल्ला होता का व?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. नाही, तू खाऊ दिला नाहीस. वीस वर्षं मी ते जपून ठेवलं होतं, आणि आता तिनं स्वतःच विचारलं होतं.

"हो," मी म्हटलं. "एक अख्खा खाल्ला."

"खारट तं नव्हता झाला?"

"नाही आई. गोड लागला म्हणाला."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.